मदत हवी आहे: गोळ्या सुरू असूनही बी-१२ वाढत नाही
वडील ६४ वर्षांचे, मेटफॉर्मिन (मधुमेहाची गोळी) २ ग्रॅम आणि पॅन्टोप्राझोल (पोटातलं आम्ल कमी करणारी) ४० मिग्रॅ रोज. बी-१२ होतं १५०. तीन महिने सायनोकोबालामिन (बी-१२ ची गोळी) १००० मायक्रोग्रॅम रोज देऊनही १८५ पिकोग्रॅमच. तळपायाला मुंग्या येतात. इन्ट्रिन्सिक फॅक्टर (बी-१२ शोषायला लागणारं जठरातलं प्रथिन) याविरुद्धची अँटीबॉडी निगेटिव्ह, फोलेट नॉर्मल, गोळी एकदाही चुकलेली नाही. अल्सरमधून रक्तस्राव झालेला, त्यामुळे पॅन्टोप्राझोल बंद करता येणार नाही.

आम्ल कमी असलं की अन्नातलं बी-१२ प्रथिनापासून सुटत नाही, हे कळतं. पण गोळीतलं तर मोकळंच असतं, शिवाय त्यातलं साधारण १ टक्का इन्ट्रिन्सिक फॅक्टरशिवायही शोषलं जातं. मग अडतंय कुठे? मेटफॉर्मिनमुळे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, की तिथे जिवाणू वाढल्यामुळे? डॉक्टरांकडे जाण्याआधी विचारतोय: आधी मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड (शरीराला बी-१२ खरंच कमी पडतंय का, हे दाखवणारी चाचणी) तपासावं, की मुंग्या असल्यामुळे थेट इंजेक्शनचंच विचारावं?