न्यूट्रिनो म्हणजेच डार्क मॅटर का नाही? पोस्टरचा हिशेब तपासून हवाय

पार्लेकर: पार्ल्यात बारावीच्या मुलांचं विज्ञान प्रदर्शन आहे. एका गटाने पोस्टरवर लिहिलंय: 'न्यूट्रिनो विश्वात सगळ्यात जास्त, त्यांना वस्तुमान आहे, प्रकाशाशी घेणंदेणं नाही, म्हणून तेच डार्क मॅटर.' आकड्यांनी खोडायचंय. डार्क मॅटरची (न दिसणारं, फक्त गुरुत्वाने जाणवणारं द्रव्य) घनता घन सेंमीला ३० कोटी इलेक्ट्रॉन व्होल्ट (कणांचं वस्तुमानही याच एककात मोजतात), न्यूट्रिनो (अतिहलके, क्वचितच कशाला धडकणारे कण) ३३६. भागाकार केला तर एकेक न्यूट्रिनो ९ लाख इलेक्ट्रॉन व्होल्टचा निघतो, इलेक्ट्रॉनपेक्षाही जड! कुठे चुकतंय?

माटुंगा_रोड: ३० कोटी ही आपल्या आकाशगंगेतली, सूर्याजवळची घनता. ३३६ मात्र अख्ख्या विश्वाची सरासरी. दोन्हीकडे सरासरीच घ्या. डार्क मॅटरची सरासरी घन सेंमीला साधारण १२६० इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे, म्हणजे तुमचा आकडा अडीच लाख पट फुगलाय.

आता १२६० भागिले ३३६, म्हणजे प्रत्येकी पावणेचार इलेक्ट्रॉन व्होल्ट. न्यूट्रिनोच्या तिन्ही प्रकारांच्या वस्तुमानांची बेरीज मिळून सव्वाअकरा लागेल. इथे मुलं हमखास घसरतात: बेरजेला ३३६ने गुणतात आणि उत्तर तिप्पट येतं. ३३६मध्ये तिन्ही प्रकार आणि त्यांचे प्रतिकण आधीच मोजलेत. बेरीज वापरायची तर ११२ने गुणा.

प्रत्यक्षात काय आहे? न्यूट्रिनोचं वस्तुमान मोजू पाहणाऱ्या जर्मनीतल्या कॅट्रिन प्रयोगाची २०२५ची कमाल मर्यादा ०.४५ इलेक्ट्रॉन व्होल्ट. तिघांनाही तेवढंच दिलं तरी डार्क मॅटरचा जेमतेम १२ टक्के वाटा भरतो. प्लँक उपग्रहाच्या निरीक्षणांवरून बेरीज ०.१२च्या आत धरतात, मग उरतो एक टक्का.

आणि 'सगळ्यात जास्त' खोडा. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, घन सेंमीला ४११ आहेत.

पार्लेकर: आभार, हे फळ्यावर मांडता येईल. पण न्यूट्रिनोंना 'उष्ण' डार्क मॅटर का म्हणतात? त्यांचं आजचं तापमान तर १.९५ केल्विन आहे.

कुलाबा_वेधशाळा: आजचं तापमान बघायचंच नाही. दीर्घिकांची बीजं धरत होती तेव्हा हे कण जवळपास प्रकाशाच्या वेगाने पळत होते. लहान गाठी जमायच्या आत त्यांतून निसटून जायचे, त्यामुळे त्या पुसल्या जायच्या. उरायच्या फक्त महासमूहाएवढ्या गाठी, आणि दीर्घिका त्या फुटून नंतर बनायच्या. दिसतं ते उलट: दीर्घिका आधी, समूह नंतर.

दुसरी अडचण पाउलीच्या नियमाची. न्यूट्रिनो फर्मिऑन, एका अवस्थेत एकच मावतो. १९७९ साली ट्रेमेन आणि गन यांनी दाखवलं की दीर्घिकेत हव्या तेवढ्या वस्तुमानाचे कण कोंबायचे तर ते पुरेसे जड हवेत. बटू दीर्घिकांसाठी ही अट शेकडो इलेक्ट्रॉन व्होल्टवर जाते. पावणेचारचा न्यूट्रिनो तिथे मावतच नाही. पोस्टरवर एकच कारण मावत असेल तर हेच घ्या, कारण यात विश्वाच्या इतिहासात शिरावं लागत नाही.

गोरेगाव_पूर्व: 'न्यूट्रिनोचा संबंधच नाही' असंही लिहू नका हं. चौथा, 'स्टराइल' न्यूट्रिनो (गुरुत्वाशिवाय जवळपास कशालाच दाद न देणारा, अजून न सापडलेला) काही हजार इलेक्ट्रॉन व्होल्टचा असेल तर तो अजून शर्यतीत आहे. तो क्वचित फुटून साधा न्यूट्रिनो आणि क्ष-किरणाचा फोटॉन देईल, आणि फोटॉनला ऊर्जेचा निम्मा वाटा मिळेल. २०१४मध्ये दीर्घिका-समूहांच्या क्ष-किरणांत ३.५ हजार इलेक्ट्रॉन व्होल्टपाशी फिकट रेषा दिसली, म्हणून सगळे ७ हजारांच्या कणामागे लागले. २०१६मध्ये जपानच्या हितोमी उपग्रहाला पर्सियस समूहात ती दाव्याइतकी तेजस्वी आढळली नाही. तप्त वायूतल्या पोटॅशियमच्या रेषाही तिथेच येतात, त्यामुळे वाद मिटलेला नाही.

एलएसएनडी या अमेरिकेतल्या न्यूट्रिनो प्रयोगावरून चर्चेत आलेला स्टराइल न्यूट्रिनो वेगळा, एखाद्या इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासचा. पोस्टरवर दोघांची सरमिसळ नको.

कोपऱ्यात जागा उरली तर कोलार टाका: १९६५, सोन्याच्या खाणीत सव्वादोन किलोमीटरहून खोल, वातावरणातल्या न्यूट्रिनोंची नोंद. त्यात आपल्या कुलाब्याच्या टीआयएफआर (टाटा मूलभूत संशोधन संस्था) चे लोक होते.