पडलेली वाडी पुन्हा लावतोय, पण स्वतःवर भरवसा उरला नाही

पोफळीखालचा (श्रीवर्धन)
३ जून २०२०ला निसर्ग वादळात आमच्या वाडीतल्या अडीचशे पोफळी, म्हणजे सुपारीची झाडं, आडव्या झाल्या. पुढल्या वर्षी बाबा गेले आणि मी मुंबईची नोकरी सोडून घरी आलो. पहिल्या लावणीत केळीची सावली केली नाही. पाऊस सरल्यावरच्या उन्हात ४० रोपं करपली. तेव्हापासून पाट कुठून काढायचा हेसुद्धा तीन-तीन जणांना विचारतो. आई म्हणते, देवावर भार टाक. रोज दिवा लावतो, पण हात जोडले की एकच मनात येतं, बाबांना जमलं, मला नाही जमणार. यातून कुणी बाहेर पडलंय का?

मुरूडची सून (दापोली)
दादा, आमची वाडीही त्याच दिवशी गेली. पुन्हा लावावी की नाही, म्हणून मी देवीला पाकळ्या चिकटवून कौल लावला. उजवा आला, म्हणजे होकार. विश्वास बसेना, परत लावला. पुन्हा उजवा. तिसऱ्यांदा लावा म्हटल्यावर गुरवकाकांनी पाकळ्या खाली ठेवल्या. म्हणाले, "वहिनी, देवीनं दोनदा सांगितलं. संशय तुमचा तुमच्यावरच आहे, त्याला कौल काय करणार?" रडत घरी आले.

तेव्हा कित्येक आठवडे वीज नव्हती, पंप बंद. शेजारच्या आजींना विहिरीतून पाणी ओढवत नव्हतं, म्हणून रोज सकाळी त्यांच्या दोन कळशा भरून द्यायला लागले. दुसरं काही सुचतच नव्हतं, खरं सांगते. एकदा मला बराच उशीर झाला. जाऊन बघते तर आजी चूल पेटवून, साखर-चहापत्ती काढून पायरीवर बसलेल्या. "येणार ते ठाऊक होतं," एवढंच बोलल्या. वादळानंतर माझ्याविषयी इतक्या खात्रीनं कुणी बोललं नव्हतं. मी स्वतःसुद्धा नाही. त्याच दुपारी कुणाला न विचारता पहिला खड्डा खणला.

वीज आली तरी कळशा चालूच ठेवल्या. जाताना देवीचं नाव घेते, मागत काही नाही. भीती अजून वाटते, फवारणीच्या दिवसांत तर फारच. पण सकाळचं पाणी चुकवत नाही.

खाडीपल्याड
रोपांपुरतं सांगतो. पोफळीला नैऋत्येकडच्या उन्हाचा चटका बसतो. त्या अंगाला आधी केळी लावा, ती वाढेपर्यंत झावळ्यांचा आडोसा करा. कोळेरोगासाठी (यात सुपारी सडून गळते) पावसाआधी १ टक्का बोर्डो मिश्रण मारा, म्हणजे १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद आणि १ किलो चुना. पोफळ धरायला सहा-सात वर्षं घेते, तुम्ही इतक्यातच स्वतःला नापास करून बसलात.

पोफळीखालचा (श्रीवर्धन)
ताई, तुमचं रात्री दोनदा वाचलं. बाबांच्या वेळचे आमचे पाडेली काका, म्हणजे झाडावर चढून सुपारी-नारळ उतरवणारे, गुडघे गेल्यापासून घरीच असतात. करपलेल्या रोपांची लाज वाटून मी दोन वर्षं त्यांच्याकडे फिरकलोच नव्हतो. आज सकाळी आईनं केलेले घावणे घेऊन गेलो. त्यांनी रोपांचं काढलंच नाही. माझा हात धरून म्हणाले, "या पावसाला पाट कुठनं नेतोस?" म्हटलं, विहिरीच्या खालच्या अंगानं, फणसाला वळसा घालून. बोलून गेल्यावर लक्षात आलं, हे मी कुणालाच विचारलं नव्हतं.

उद्या त्यांना गाडीवर बसवून वाडीत आणतोय.