अनुभव धागा: फ्रान्सच्या खेड्यातला एक निवांत दिवस

फ्रान्सला जाणारी आपली बहुतेक मंडळी पॅरिस पाहून पुढच्या देशाची गाडी पकडतात. अलीकडे मात्र काही कुटुंबे एखाद्या खेड्यात स्वयंपाकघरासह घर भाड्याने घेऊन आठवडाभर राहू लागली आहेत. अशा घराला तिथे ‘जीत’ म्हणतात, आणि ती देणाऱ्या घरमालकांची राष्ट्रीय संघटना १९५५ पासून आहे. प्रेक्षणीय स्थळांची माहिती इतरत्र भरपूर मिळते. येथे मात्र ज्या दिवशी काहीही पाहायला बाहेर पडला नाहीत, त्या दिवसाविषयी लिहावे, ही विनंती.

दोर्दोन्य नदीकाठी, सार्लाजवळ

आधीचे दिवस बेनाकचा किल्ला आणि लास्कोच्या गुहाचित्रांची प्रतिकृती यांत गेले होते, त्यामुळे रविवारी सासूबाईंनी सकाळीच जाहीर केले की आज त्यांचे गुडघे कुठेही येणार नाहीत. ते ऐकून सगळ्यांनाच हायसे वाटले. मी आणि मुलगा पाव आणायला गेलो. दुकानात शिरताना आधीपासून रांगेत असलेल्यांनाही उद्देशून ‘बाँजूर’ म्हणायचे असते, ते न म्हणता थेट मागणी केली तर उत्तर मिळते, पण कोरडे. दुकानातल्या बाईंनी ‘बागेत’ नावाच्या लांब पावाच्या मध्यभागी, जिथे हात धरायचा तिथेच, वीतभर कागद गुंडाळून दिला. दोन्ही टोके उघडीच, आणि घरी पोहोचेपर्यंत त्यातले एक टोक मुलाच्या पोटात गेलेले. पाव मागताना ‘त्रादिस्याँ’ मागावा. १९९३ च्या सरकारी आदेशानुसार त्याचे पीठ गोठवून ठेवता येत नाही.

शाकाहाऱ्यांचे हाल होतात असे आम्हाला बजावले गेले होते. हा भाग बदकाच्या मांसासाठी प्रसिद्ध आहे, हे खरेच आहे. पण तो अक्रोडांचाही आहे. आदल्या दिवशी सार्लाच्या शनिवारच्या बाजारातून रोकामादूर नावाचे शेळीच्या दुधाचे चीज आणले होते. जेमतेम ३५ ग्रॅमची ती चकती, वर सुरकुतलेली पातळ साय, आत लोण्यासारखा मऊ गर. पावाच्या कापावर ठेवून ती भट्टीत जराशी वितळवली, खाली सॅलडची पाने, वर अक्रोड आणि अक्रोडाचेच तेल घातले. सासूबाईंनी त्यावर घरून आणलेली लसणाची चटणी भुरभुरवली, याची नोंद करणे भाग आहे. त्यानंतर झाडाखाली आरामखुर्च्या टाकून जे पडलो ते उन्हे उतरेपर्यंत, आणि जूनमध्ये तिथे उन्हे उतरायला रात्रीचे साडेनऊ होतात, कारण फ्रान्सचे घड्याळ जर्मनीबरोबर चालते आणि सूर्य मात्र लंडनच्या आसपासचा असतो.

‘निवांत’ या शब्दाला हरकत

वरील वर्णन वाचून कोणी संपूर्ण शांततेची अपेक्षा ठेवू नये. आमच्या खेड्यातल्या चर्चची घंटा प्रत्येक तासाचे ठोके दोन मिनिटांच्या अंतराने पुन्हा देत असे, म्हणजे मध्यरात्री एकूण चोवीस. कोंबडा वेगळाच. तक्रारीचाही उपयोग नाही: ओलेराँ बेटावरच्या मोरिस नावाच्या कोंबड्याविरुद्ध शेजाऱ्यांनी दावा लावला होता, आणि २०१९ मध्ये न्यायालयाने तो कोंबड्याच्या बाजूने निकाली काढला. पुढे जानेवारी २०२१ मध्ये ग्रामीण भागातील आवाज आणि वास यांना वारसा म्हणून मान्यता देणारा कायदाच संमत झाला. दुसऱ्या दिवशीपासून दुपारी झोपू लागलो.

लुबेराँ, प्रोव्हाँस

दुपारच्या झोपेला तर आमच्याकडे पर्यायच नव्हता. जुलैत घरमालकीणबाईंनी ताकीद दिली होती की सकाळी दहाच्या आत सर्व खिडक्यांची लाकडी दारे लावून घ्यावीत आणि सूर्य कलल्यावरच उघडावीत. ती भिंतीला अडकवून ठेवण्यासाठी लोखंडी खुंट्या असतात आणि त्यांच्या टोकाला चक्क माणसाचे इवलेसे मुंडके असते. मुलीने प्रत्येकाचे बारसे केले. जाड दगडी भिंतींमुळे आत पंख्याचीही गरज भासली नाही, बाहेर रातकिड्यांसारखे सिकाडा मात्र अखंड किरकिरत होते. संध्याकाळी चिनारच्या जातीच्या प्लेन वृक्षांखाली पेतांकचा डाव मांडला जाई. लाकडी छोट्या चेंडूच्या जास्तीत जास्त जवळ आपला पोलादी गोळा नेऊन टाकायचा, पाय मात्र जागचे हलवायचे नाहीत. बाबा आधी लांबून पाहत राहिले. मग गोट्या खेळल्याचा जुना हात कामी आला आणि तेरा गुणांचा डाव संपेपर्यंत त्यांना कोणी सोडले नाही. कोणाचा गोळा अधिक जवळ यावरून वाद पेटला की एक आजोबा खिशातून मोजपट्टी काढत. तो वाद समजण्यासाठी बाबांना फ्रेंच यावे लागले नाही.

कालव्याकाठी, ल सोमाय

कानाल द्यु मिदी हा दक्षिण फ्रान्समधला कालवा १६८१ पासून सुरू आहे आणि त्यावर नावेला ताशी ८ किलोमीटरची मर्यादा आहे. दुपारी जलपाशावरचे, म्हणजे पाण्याची पातळी बदलून नावा वर-खाली नेणाऱ्या दारांवरचे, कर्मचारी जेवायला जातात, तेव्हा नावा दाराशी थांबून राहतात आणि कोणी कुरकुर करत नाही. जुन्या पुलाजवळ बसून एवढेच पाहिले. काठावरचे हजारो प्लेन वृक्ष बुरशीजन्य रोगामुळे तोडावे लागले आहेत, त्यामुळे सावली सर्वत्र मिळेल असे गृहीत धरू नये.

मोर्व्हाँ, बुर्गोन्य, नोव्हेंबरात

मी फ्रान्समध्येच नोकरी करते, त्यामुळे माझा अनुभव उन्हाळी नाही. ११ नोव्हेंबरची, पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाची, सुट्टी होती. सकाळी अख्खे गाव, म्हणजे पन्नास-साठ माणसे, पहिल्या महायुद्धाच्या स्मारकासमोर जमले. एकेक नाव वाचले जाई आणि सर्वजण ‘फ्रान्ससाठी मृत’ असे म्हणत. एकच आडनाव पुन्हा पुन्हा येत होते, आणि तेच आडनाव मी शेजारच्या टपालपेटीवर वाचले होते. नंतर मेरीत, म्हणजे गावाच्या कार्यालयात, सर्वांना वाइन आणि खारी बिस्किटे दिली गेली, मलाही. उरलेला दिवस लाकडाच्या शेगडीपुढे वाचनात गेला.

जाणाऱ्यांसाठी व्यवहाराचे सांगते. पुष्कळ लहान गावांत बेकरी आता उरलेली नाही. कुठे पाव विकणारे यंत्र असते, कुठे तेही नसते. रविवारी दुपारनंतर आणि अनेकदा सोमवारीही दुकाने बंद राहतात, बसचा तर विषयच नको. शनिवारीच दूध, भाजी आणि पाव भरून ठेवावा, आणि ज्यांना गाडी चालवायची नाही त्यांनी रेल्वे स्थानक असलेलेच गाव निवडावे.