‘ब्लॅक ख्रिसमस’मधला फोनचा माग

अनेकांना प्रश्न पडतो की १९७४च्या या सिनेमात मुलींच्या वसतिगृहात येणाऱ्या फोनचा माग काढायला पोलिसांना एवढा वेळ का लागतो. फोन एकमेकांना जोडून देणारं केंद्र, म्हणजे टेलिफोन एक्स्चेंज, यांत्रिक आहे, म्हणून. नंबर फिरवला की एकामागून एक स्विच जुळतात आणि संभाषण चालू असेपर्यंतच तसे राहतात. एक्स्चेंजमधला कर्मचारी स्विचच्या रॅकांमधून धावत एकेक जोडणी उलटी शोधतो. मध्येच फोन ठेवला की माग तुटला! म्हणून नायिका जेसला बोलत राहायला सांगतात. हा प्रसंग दिग्दर्शक बॉब क्लार्कने फार नेटका रचलाय.

संगीतासाठी कार्ल झिट्ररने पियानोच्या तारांना काटे, सुऱ्या, कंगवे बांधले होते. कर्वे रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवून मोबाइलवर पाहाल तर ते खर्जातले सूर हॉर्नमध्ये बुडतील. हेडफोन लावा.