क्रांतीच्या गोष्टीत अस्वल कशाला?

जुनी वही:
रशियन लेखक झाम्यातिनची 'गुहा' (१९२२) ही कथा वाचली. रशियन क्रांतीनंतरचा पेत्रोग्रादमधला उपाशी हिवाळा. घर म्हणजे गुहा, बिडाची शेगडी म्हणजे देव, आणि बाहेर चक्क मॅमथ. आजारी बायकोसाठी शेजाऱ्याची पाच लाकडं चोरणारा सभ्य मार्तिन मार्तिनिच मला पुरेसा होता. मॅमथ आला आणि ती थंडी माझ्या अंगावरून उठून हिमयुगात गेली. दुसरा रशियन लेखक प्लातोनोव, त्याने तर 'कोत्लोवान' ('पायाचा खड्डा') या लघुकादंबरीत लोहारशाळेत अस्वल उभं केलंय! उपासमारीला अद्भुताची शाल हवीच कशाला?

कानोसा:
किंचित असहमत. मॅमथ दिसतो कुठे? रात्री बाहेर काहीतरी चित्कारतं. मॅमथ असेल, नाहीतर वारा असेल, असंच लिहिलंय. अंधारात, रिकाम्या पोटी, कान जे ठरवेल ते खरं. अद्भुत इथे वरून चिकटवलेलं नाही, ते कानातून शिरलंय.

अस्वलाचं तर विचारूच नका. ते घण मारतं, पूर्वी सधन शेतकऱ्यांकडे राबलेलं आहे. त्याला गावभर फिरवतात. ज्या दारापुढे गुरगुरेल तो कुलक, म्हणजे सरकारच्या लेखी शत्रू ठरलेला सधन शेतकरी. मग त्या सगळ्यांना तराफ्यावर बसवून नदीतून समुद्राकडे सोडतात. १९३० साली कुलकांच्या याद्या खरोखरच होत होत्या. अस्वलाची गुरगुर त्या याद्यांहून अद्भुत आहे का?

जुनी वही:
मॅमथपुरतं मागे घेतलं. अस्वलाचं नाही. तुमचाच प्रतिसाद बघा: अस्वलाला चार वाक्यं, तराफ्यावरच्या माणसांना एक.

पडवी:
अस्वल राहू द्या, 'कोत्लोवान'मधल्या माश्या आठवतात का? सामूहिक शेतीत द्यायला नकोत म्हणून लोकांनी आपलीच गुरं कापली, ओकारी येईस्तोवर मांस खाल्लं. बर्फ पडतोय आणि माश्या उडताहेत. छोटी नास्त्या विचारते, हिवाळ्यात माश्या कशा? उत्तर मिळतं, कुलकांमुळे. ती माशी मुठीत चिरडते. यातलं अद्भुत कुठलं नि खरं कुठलं, मला वेगळं काढता येत नाही. वास मात्र येतो. (सोव्हिएत संघात हे छापून यायला १९८७ उजाडलं.)

कानोसा:
चार वाक्यांचा टोला बसला. मग तराफ्याला आणखी एक. पाय गमावलेला झाचेव काठावरून त्यांना शिवी हासडून निरोप देतो, आणि पाण्यावरून तोच निरोपाचा शब्द परत येतो, लांबवलेला. शिवी गाळून.