शेवाळाच्या कॅप्सूल आणि कोलेस्टेरॉल (नेरूळ, सोसायटीचा ग्रुप)

मेधा काकू: ह्यांचा रिपोर्ट आला, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १७२. भाच्याने समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल आणून दिल्यात. अँटिऑक्सिडंट असतात म्हणे, कोलेस्टेरॉलची गोळी सोडली तरी चालते. कुणी घेतंय का?

सुहास काका: घेऊन बघा वहिनी. नैसर्गिक आहे, अपाय तर नाही.

अश्विनी, बी विंग: काकू, गोळी बंद करू नका, कळकळीने सांगते. मी याच विषयात शिकलेय. शेवाळात गुण आहेत. तपकिरी शेवाळात फ्युकॉइडन, फ्युकोझँथिन ही अँटिऑक्सिडंट द्रव्यं असतात. एलडीएल रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरून ऑक्सिडाइझ झालं, म्हणजे ऑक्सिजनशी क्रिया होऊन बिघडलं, की पांढऱ्या पेशी ते गिळून फुगतात आणि तिथेच थर साचतो. हे ऑक्सिडेशन रोखायचं, ही त्यामागची कल्पना. चरबीदार खाणं दिलेल्या उंदरांमध्ये अशा अर्कांनी ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी), एलडीएल उतरलेलं दिसलंय. पण ते उंदीर!

सुहास काका: उंदरांना चालतं तर माणसाला का नाही?

अश्विनी, बी विंग: काका, व्हिटॅमिन ई सुद्धा अँटिऑक्सिडंटच. ‘होप’ नावाच्या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या साडेनऊ हजार लोकांवर ते तपासलं. २००० साली निकाल आला: हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. स्टॅटिनने, म्हणजे कोलेस्टेरॉलच्या गोळीने, ते कमी होतात, हे माणसांवरच सिद्ध झालंय. आणि नैसर्गिक म्हणाल तर पहिलं स्टॅटिन जपानच्या अकिरा एंडो यांना बुरशीतच सापडलं होतं.

रेखा ताई: मला थायरॉइड आहे. सूपमध्ये घालून खाल्लं तर?

अश्विनी, बी विंग: ताई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जास्त आयोडीनने थायरॉइडचं काम बिघडू शकतं. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन पुरतं. केल्प या तपकिरी शेवाळाच्या चिमूटभर पुडीत त्याच्या कितीतरी पट असू शकतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल त्यांनीही जपा, फ्युकॉइडनमुळे रक्त गोठण्यावर परिणाम होऊ शकतो.

नितीन, सी विंग: आपल्या खाडीकाठचं ताजं शेवाळ चालेल का?

अश्विनी, बी विंग: अजिबात नको. शेवाळ पाण्यातले जड धातू शोषून घेतं, आणि आपल्या खाडीत कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं आलंय. काकू, इसबगोल मात्र डॉक्टरांना जरूर विचारा. त्याचा चोथा पित्ताम्लं बाहेर नेतो, मग नवं पित्त करायला यकृत कोलेस्टेरॉल वापरतं. माणसांवर नीट तपासलेलं आहे. त्या बाटलीवर आयोडीन किती लिहिलंय?

मेधा काकू: आकडाच नाही गं. उद्या डॉक्टरांकडे जाताना बाटली घेऊन जाते. गोळी आज दिली ह्यांना.