अनुभव धागा: आखाड्यात चित्त कसं ठरतं?

कुस्ती, मर्दानी खेळ, कराटे... कोल्हापुरात घरटी कुणीतरी यातलं काहीतरी केलेलं असतंच. दंड-बैठकांबद्दल आपण भरभरून बोलतो, पण ऐन वेळी मन थाऱ्यावर कसं ठेवलं यावर फारसं बोलत नाही. ते इथं लिहा. स्वतःच्या अंगावरून गेलेलं असावं एवढीच अट.

मंगळवार पेठेतले जुने पैलवान

आमच्या तालमीत पहाटे जोर, म्हणजे सरावाच्या कुस्त्या, सुरू व्हायच्या आधी हौदा, म्हणजे कुस्तीची माती, उकरायचा आणि तेवढा वेळ तोंडातून शब्द काढायचा नाही, असा वस्तादांचा दंडक होता. खोऱ्याच्या प्रत्येक घावाबरोबर श्वास लयीत येत जायचा. माती भुसभुशीत होईस्तोवर घरची कटकट, पैशाची चिंता, सगळं मागं पडलेलं असायचं.

खासबागेचं मैदान शाहू महाराजांनी 1912 मध्ये खुलं केलं, आणि त्याची बांधणीच अशी की कुठंही बसा, हौदा समोर दिसतो. पैलवानाला मात्र चारी बाजूंनी माणसांची भिंत दिसते. वर हलगी, घुमकं, शिट्ट्या. पहिल्यांदा उतरलो तेव्हा वस्ताद कानात म्हणाले, "हलगी ऐकू येत असंल तर तू अजून हौद्यात आला न्हाईस." मग चिमूटभर माती कपाळाला लावायची, सलामी द्यायची आणि नजर समोरच्याच्या कमरेवर. चेहऱ्यानं हुलकावणी देता येते, पण ढाकेसारखा फेकायचा डाव मारायचा तर कंबर वळवावीच लागते.

आणखी एक. पट काढताना, म्हणजे समोरच्याचा पाय धरून ओढताना, हात सुटला की तोच डाव परत धरायच्या नादात भलेभले चीत होतात. म्हणून जोर करतानाच सवय लावली होती: डाव हुकला की सोडून द्यायचा, पुन्हा सुरुवातीची खडाखडी, पुन्हा मान आणि मनगट धरायचं.

दांडपट्टा खेळणारी, शिवाजी पेठ

पट्ट्याची मूठ खोबळ्याच्या, म्हणजे लोखंडी हातमोज्याच्या, आत असते, हात कोपरापर्यंत झाकलेला. मनगट वळतच नाही, सगळा फिरवा खांद्यातून आणि पायांच्या पवित्र्यातून येतो. त्यामुळं लक्ष हातावर ठेवलं की पाय चुकतो. सरांनी मला बरेच दिवस रिकाम्या हातानं नुसते पवित्रेच करायला लावले, तेव्हा राग यायचा. पुढं शिवजयंतीला मैत्रिणीच्या तळहातावर ठेवलेलं लिंबू कापायचं होतं. गर्दीतून आरोळ्या चालू होत्या. मी लिंबाकडं बघितलं, एक श्वास सोडला आणि पाय टाकला. तिनं डोळेसुद्धा मिटले नव्हते. चित्त शाबूत ठेवण्यात तिची कसोटी माझ्याहून मोठी होती, असं मला मनापासून वाटतं. 2024 मध्ये दांडपट्टा राज्यशस्त्र झाला तेव्हा पहिला फोन तिलाच केला.

मॅटवर शिकवणारा, राजारामपुरी

मातीतली पोरं मॅटवर आली की घड्याळाकडं बघतात. तीन मिनिटं, तीस सेकंद विश्रांती, परत तीन मिनिटं. गुणांत मागं पडले की डोकं फिरतं. त्यांना मी खाशाबा जाधवांचं सांगतो. राजाराम कॉलेजचा हा विद्यार्थी 1948 ला लंडन ऑलिंपिकमध्ये मॅटवर लढला, सहावा आला, आणि 1952 ला हेलसिंकीत त्यानं कांस्य आणलं. मधली चार वर्षं त्यानं कशी काढली असतील, याचा विचार करा म्हणतो.

कराटे, कसबा बावडा

सुरुवातीला डोळे मिटून बसतो, त्याला मोकुसो म्हणतात. खरं सांगायचं तर मला त्याचा फार उपयोग झाला नाही. कुमितेत, म्हणजे समोरासमोरच्या लढतीत, नाकावर ठोसा बसल्यावर पापणी न मिटता उभं राहायला शिकले, तिथं लक्ष लागलं.

तालमीत राहणारा, गाव राधानगरी

दादा, मैदानाच्या आदल्या रात्री झोपच लागत नाही. डोक्यात सारखी उद्याचीच कुस्ती. काय करावं?

मंगळवार पेठेतले जुने पैलवान

लेका, झोप यायलाच पायजे असं काही नाही. जोडीदाराकडनं अंग रगडून घे, मोबाईल वस्तादांकडं दे आणि दिवा मालवून नुसता पडून राहा. त्या रात्री डाव आठवायचे नाहीत, ते महिनाभर आधी झालेलं असतंय. पडल्या पडल्या श्वास मोज, चुकला आकडा तर परत एकापासून. आणि सकाळी पोटात हलकंच काहीतरी घाल.